पुढाऱ्याशी निष्ठा: यवाबाची आणि नाथानाची



दिवाळी झाली की तेलगावहून ऊसतोडीचे ट्रक आणि ट्रॅक्टर निघू लागतात. इथे साखर कारखाना आहे, तरी आमच्या भागातल्या कितीतरी टोळ्या कोल्हापूर, सांगली, पार कर्नाटकापर्यंत जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती हंगामभर ऊस तोडून फेडायची. मागे एका पारधी वस्तीवर मी एका भावाला विचारले, "मुकादमाचा हिशेब चुकलाय हे तुम्हाला दिसतंय, मग बोलत का नाही?" तो म्हणाला, "ताई, उचल घेतलीय. तोंडावर कसं बोलावं?"

मला त्याची कीव आली. माझ्याही अंगावर तशीच उचल होती, हे ध्यानात यायला आणखी दोन वर्षे गेली.

तेव्हा मी दुसऱ्या एका मंडळीत सेवा करीत होते. तिथल्या पाळकसाहेबांनी मला ईश्वरविज्ञानाच्या पदविकेला पाठवले, फीही भरली. आई आजारी असताना रात्री दवाखान्यात बसले ते तेच. एका थंडीत वसतिगृहातल्या मुलांच्या पांघरुणांसाठी आलेले पैसे त्यांनी उपासना मंदिराच्या छपराला वापरले. घरी एक रुपयाही नेला नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. छप्पर गळतच होते. कागद पुढे आला तेव्हा "पांघरुणे खरेदी" या ओळीसमोर मी सही केली. मनाशी म्हटले, ही निष्ठा आहे. त्या थंडीत दोन-दोन मुले एका चादरीत झोपली. त्यांचे आईबाप उसाच्या फडात होते, विचारणार कोण?

आता २ शमुवेल ११ उघडा. हा अध्याय आपण दाविदाच्या पापासाठी वाचतो, पण त्यात सेनापती यवाब आहे, त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. राजाचे पत्र येते: उरीयाला घनघोर लढाईच्या तोंडी ठेवा आणि मागे सरा. पत्र घेऊन येणारा खुद्द उरीयाच. यवाब कारण विचारत नाही. हुकूम पाळतो, माणूस मरतो आणि तो राजाला निरोप धाडतो. आपल्या पंचांच्या सभेत बसवला तर यवाबाला आपण सगळ्यांत विश्वासू सेवक म्हणू.

पुढच्याच अध्यायात नाथान येतो. तोही दाविदाचाच माणूस. तो बाजारात बोंब मारत नाही, राजाच्या शत्रूंना जाऊन मिळत नाही. राजासमोर उभा राहून गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो आणि शेवटी बोट राजाकडेच वळवतो. जीव जाऊ शकला असता.

यापुढचे मला पदविकेच्या वर्गात कोणी दाखवले नव्हते, की शिकवले असेल आणि माझे लक्ष नसेल. १ राजे १ मध्ये दावीद म्हातारा झाला आहे, अंथरुणातून उठवत नाही. अदोनीया स्वतःला राजा म्हणवू लागतो. तेव्हा यवाब कोणाच्या बाजूला जातो? अदोनीयाच्या. आणि म्हाताऱ्या राजाजवळ कोण उरतो? नाथान. ज्याने पापात मुकाट साथ दिली तो सोडून गेला, ज्याने तोंडावर सुनावले तो राहिला. दाविदाच्या एका मुलाचे नावही नाथान आहे. ते संदेष्ट्यावरून ठेवले का, हे शास्त्र सांगत नाही, पण ते नाव वाचून मला बरे वाटते.

आपल्या मराठी मंडळीत अशी ओढाताण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी सोसली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी वीसहून अधिक वर्षे अमेरिकन मराठी मिशनमध्ये सेवा केली. घर त्या पगारावर चाले. १९१७ मध्ये ते त्या पगारी सेवेतून बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची इच्छा होती. ज्यांचे मीठ खाल्ले त्यांना सोडले, असे कोणीही म्हणू शकले असते. पण मिशनच्याच 'ज्ञानोदय' पत्राचे मराठी संपादन त्यांनी १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडले नाही. पगार सोडला, माणसे सोडली नाहीत. हे दोन्ही एकाच वेळी करता येते, हे मला त्यांच्यामुळे पटले. उपकार विसरायचे नसतात, पण प्रभूच्या घरात उपकाराची उचल होऊ द्यायची नसते. १ करिंथ ४ मध्ये पौल कारभाऱ्याकडून विश्वासूपणा मागतो, आणि न्याय करणारा प्रभू आहे, असे त्याच दमात सांगतो. हिशेब त्याला द्यायचा आहे.

पुढच्या पावसाळ्यात मी पाळकसाहेबांकडे एकटीच गेले. मत्तय १८ मध्ये प्रभूने तसेच सांगितले आहे, आधी दोघांतच बोला. नाथानाइतके धैर्य माझ्यात नव्हते. मी आधी रडले, मग बोलले. माझी सही खोटी होती, हेही सांगितले. ते म्हणाले, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्या दिवशी चहा झाला नाही, आणि पुढचे पाच महिने उपासनेनंतर नुसता हात जोडून नमस्कार. ते महिने मला फार जड गेले. मी त्यांच्याविरुद्ध कुठे अर्ज केला नाही, पण तसल्या कागदावर पुन्हा सही करणार नाही, हे त्यांना सांगून ठेवले होते.

नाताळाच्या आधी पंचांच्या सभेत त्यांनी स्वतःच तो विषय काढला. माझे नाव घेतले नाही. वसतिगृहाचे खाते वेगळे झाले, पैसे काढायला दोन सह्या लागू लागल्या. आता ते निवृत्त आहेत, डोळ्यांना कमी दिसते. तिकडे गेले की मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. मागच्या भेटीत त्यांनी मध्येच थांबवून विचारले, "पोरांना यंदा पांघरुणं पुरली का गं?" मी वहीत बघून आकडा सांगितला.