सुई टोचण्याआधी

पुणे

चि. मृणाल,


पेन क्लिनिकमध्ये रुजू झालीस, फार आनंद वाटला. तुझ्याकडे साठी-सत्तरीचे, वजन वाढलेले, कंबर धरून चालणारे बरेच जण येतील. त्यांना आल्या आल्या ‘आधी वजन कमी करा’ असं सुनावू नकोस. ते हे वर्षानुवर्षं ऐकत आलेत. दुखतं म्हणून चालणं सुटलं, चालणं सुटलं म्हणून वजन वाढलं. यातून सुटायचं कसं, तेच विचारायला ते येतात.

नुसत्या काट्यावरही विसंबू नकोस. आपल्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला फोटो पाहा. दोघांचा बीएमआय २२.३; अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणाऱ्या आजोबांनाही मधुमेह असू शकतो, आणि मणक्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर साखर काही दिवस चढते. साखर आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दोन्हींची चौकशी केल्याशिवाय इंजेक्शनची तारीख देऊ नकोस.

एमआरआय उघडण्याआधी पेशंटला चालवून बघ. थोडं चाललं की पिंढऱ्या भरून येतात, बसलं की बरं वाटतं, डी-मार्टमध्ये ट्रॉलीवर रेलून मात्र निवांत फिरता येतं, असं कुणी सांगितलं तर मणक्यातली जागा अरुंद झाली असावी. अशा पन्नाशीपुढच्या ४०० जणांवरचा अमेरिकेतला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. इंजेक्शनमधून नुसतं भुलीचं औषध दिलेल्यांपेक्षा त्याबरोबर स्टेरॉइडही दिलेल्यांना सहा आठवड्यांनी फारसा जास्त आराम नव्हता. हे पेशंटला स्पष्ट सांग. मणक्यातली गादी सरकून नस दबली, कळ नुकतीच पायात उतरू लागली, तर इंजेक्शनने काही आठवडे उसंत मिळू शकते. नुसत्या कंबरदुखीत त्याचा भरवसा धरू नये.

जाड माणसांत सुई खोलवर न्यावी लागते, सी-आर्मच्या एक्स-रेवर चित्र पुसट येतं. म्हणून त्यांना परत पाठवायचं नाही. हात बसेपर्यंत सिनिअरना सोबत घ्यायचं.

उसंतीचे ते आठवडे वाया जाऊ देऊ नकोस. इंजेक्शनच्या दिवशीच फिजिओची वेळ ठरवून दे. मी आयुष्यभर फिजिओचंच काम केलं, म्हणून कळकळीने सांगते. सुरुवातीला सपाटीवर चालणं आणि जागेवरची सायकल पुरे; पर्वतीच्या १०३ पायऱ्यांचा हट्ट नको. उपासतापास करून वजन उतरवू देऊ नकोस. या वयात चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि पाठीला आधार त्यांचाच. साबुदाण्याऐवजी ताटात उसळ, दही, चालत असेल तर अंडं हवं. बरं वाटलं म्हणून सारखं टोचून घ्यायला येतील, त्यांना ठामपणे नाही म्हण. वारंवार स्टेरॉइड घेतल्याने आधीच विरळ झालेली हाडं आणखी ठिसूळ होतात.

आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर इंजेक्शनचा विचारही करू नकोस. त्याच दिवशी, त्याच तासाला स्पाइन सर्जनकडे पाठव.

तुझी,
मावशी