सुकाणूचे कोडे

कोकणच्या किनाऱ्यावर तुम्ही शिडाची होडी पाहिली असेल. तिच्या मागच्या टोकाला एक लाकडी फळी बसवलेली असते. तिला सुकाणू म्हणतात. तांडेल सुकाणू ज्या अंगाला वळवतो, त्या अंगाला होडीचे तोंड वळते. विमानालाही असेच एक सुकाणू असते. विमानाच्या शेपटीवर जो उभा पंख दिसतो, त्याच्या मागील कडेला ते बिजागरीवर बसवलेले असते. वैमानिकाच्या पायांजवळ दोन पेडले असतात. उजवे पेडल दाबले की सुकाणू उजवीकडे वळते आणि विमानाचे नाक उजवीकडे जाते. डावे दाबले की ते डावीकडे जाते.

आता अशी कल्पना करा, की वैमानिकाने डावे पेडल दाबले आणि सुकाणू मात्र उजवीकडे वळले! अशा वेळी त्याने काय करावे? तो जितक्या जोराने विमान सावरू पाहील, तितके ते अधिकच कलंडेल. ही केवळ कल्पना नाही. अमेरिकेतील बोइंग ७३७ या जातीच्या विमानांच्या बाबतीत असा प्रसंग ओढवला असावा, असे दीर्घ संशोधनानंतर दिसून आले. त्या संशोधनाची ही हकीकत आहे.

प्रथम सुकाणू कसे हलते, ते पाहू. वेगाने धावणाऱ्या मोठ्या विमानाच्या शेपटीवर वाऱ्याचा प्रचंड दाब असतो. नुसत्या पायाच्या बळाने त्या वाऱ्याविरुद्ध सुकाणू वळवणे कठीण असते. म्हणून तेथे तेलाच्या दाबाचे साहाय्य घेतात. एका नळकांड्यात दट्ट्या असतो. त्याच्या एका अंगाला दाबाखालील तेल सोडले, की तो दुसऱ्या अंगाला सरकतो आणि सुकाणू वळते. तेल कोणत्या अंगाला सोडावयाचे, हे एक लहानशी झडप ठरवते. शेतात दारे धरणारा शेतकरी पाटाचे पाणी कधी या वाफ्यात, तर कधी त्या वाफ्यात सोडतो. ही झडप तेलाच्या बाबतीत तेच काम करते. वैमानिकाचे पेडल तिला हुकूम देते, आणि ती तो हुकूम दट्ट्यापर्यंत पोहोचवते.

बोइंग ७३७ च्या शेपटीवर एकच सुकाणू होते आणि ते हलवण्याचे काम एका मुख्य यंत्राकडे होते. त्या यंत्राच्या झडपेत एकात एक बसणाऱ्या दोन सरकत्या नळ्या होत्या. एक नळी अडकली, तर दुसरीने काम चालवावे, असा रचनाकारांचा हेतू होता. योजना शहाणपणाची होती. तिच्यात काही उणीव असेल, असे कोणाला वाटले नाही.

३ मार्च १९९१ रोजी युनायटेड या कंपनीचे एक विमान डेन्व्हरहून कोलोरॅडो स्प्रिंग्ज या शहरी उतरत होते. धावपट्टी काही मैलांवर आली असता ते एकाएकी उजवीकडे कलंडले आणि काही क्षणांत जमिनीवर आदळले. आतील पंचवीसही माणसे मृत्यू पावली. अमेरिकेत अशा अपघातांची चौकशी राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाकडे असते. मंडळाच्या तज्ज्ञांनी अवशेष तपासले. त्या दिवशी डोंगरांवरून जोराचे वारे वाहत होते. वाऱ्याच्या भोवऱ्यामुळे अपघात झाला, की सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला? दोन्ही गोष्टी संभवत होत्या. परंतु खात्रीचा पुरावा कशाचाच नव्हता. डिसेंबर १९९२ मध्ये मंडळाने आपला अहवाल दिला. त्यात अपघाताचे निश्चित कारण सांगता येत नाही, असे त्याने स्पष्टपणे नमूद केले.

मुलांनो, असे लिहिणे सोपे नसते. ज्यांची माणसे गेली, ते उत्तराची वाट पाहत असतात. काहीतरी कारण सांगून चौकशी संपवण्याचा मोह अशा वेळी होऊ शकतो. मंडळाने तो टाळला, आणि म्हणूनच प्रश्न उघडा राहिला.

८ सप्टेंबर १९९४ रोजी तोच प्रश्न पुन्हा उभा ठाकला. यूएसएअर कंपनीचे बोइंग ७३७ विमान शिकागोहून पिट्सबर्गकडे येत होते. संध्याकाळची वेळ होती आणि हवा स्वच्छ होती. पुढे काही मैलांवर चाललेल्या एका विमानाने हवेत उठवलेल्या भोवऱ्याचा त्याला धक्का बसला. असा धक्का वैमानिकांना नवा नसतो. पण या वेळी विमान डावीकडे कलंडत गेले, ते सावरलेच नाही. अर्ध्या मिनिटाच्या आत ते टेकडीवर कोसळले. आतील एकशे बत्तीस माणसांपैकी एकही वाचले नाही.

विमानात घडणाऱ्या गोष्टींची नोंद ठेवणारे एक यंत्र असते. ते सापडले. मात्र त्या काळच्या त्या यंत्रात वेग, उंची, दिशा अशा मोजक्याच गोष्टींची नोंद होत असे. सुकाणू कोणत्या बाजूला होते आणि वैमानिकाने कोणते पेडल दाबले, हे त्यात नव्हते. वैमानिकानेच चूक केली असेल काय, अशीही शंका घेण्यात आली. मेलेला माणूस आपली बाजू मांडू शकत नाही. म्हणून तपास करणाऱ्यांची जबाबदारी अधिकच वाढली. सुकाणूची झडप ढिगाऱ्यातून मिळाली होती. ती उघडून पाहिली, तर तिच्यावर अडकल्याची एकही खूण नव्हती. चाचणीत ती बिनचूक चालली.

मग ९ जून १९९६ रोजी एक विलक्षण घटना घडली. ईस्टविंड कंपनीचे बोइंग ७३७ विमान रिचमंड शहराकडे उतरत असता एकाएकी उजवीकडे वळले व कलंडले. वैमानिकाने विरुद्ध बाजूचे पेडल दाबले, परंतु ते नेहमीपेक्षा ताठ लागले. त्याने पंखांवरील हलत्या पट्ट्यांच्या साहाय्याने विमान कसेबसे तोलून धरले. थोड्या वेळाने ते सरळ झाले. पुन्हा एकदा कलंडले, पुन्हा सरळ झाले. अखेर ते सुखरूप उतरले. या विमानाचा वेग अधिक होता, म्हणून पंखांवरील पट्ट्यांना सुकाणूच्या ओढीवर मात करता आली. आता तज्ज्ञांना जिवंत वैमानिक भेटला होता, त्याचा अनुभव ऐकावयास मिळाला होता आणि संपूर्ण विमान तपासावयास मिळाले होते.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात एक प्रयोग करण्यात आला. पिट्सबर्गजवळ पडलेल्या विमानाचे सुकाणू हलवणारे यंत्र अतिशय थंड करण्यात आले. उंच आकाशातील हवा अशीच गोठवणारी असते. मग त्यात एकाएकी गरम तेल सोडण्यात आले. तापलेला धातू प्रसरण पावतो, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. झडपेच्या भागांतील फट केसाहूनही बारीक होती. आतील नळी लवकर तापून फुगली, बाहेरचे कवच थंडच राहिले, आणि झडप अडकली! प्रयोगातील तापमानाचा हा फरक उड्डाणात सहसा येणाऱ्या फरकापेक्षा कितीतरी मोठा होता. तरी त्यामुळे शोधाला दिशा मिळाली. प्रयोगातील आकडे बारकाईने पाहता त्याहूनही धक्कादायक गोष्ट उघडकीस आली. बाहेरची नळी विशिष्ट जागी अडकली, की तिची उणीव भरून काढण्यासाठी आतली नळी आपल्या मर्यादेपलीकडे सरके. मग तेल नेमके उलट्या वाटेने जाई आणि सुकाणू हुकुमाच्या विरुद्ध वळे. झडप मोकळी झाल्यावर मागे कसलीही खूण राहत नसे. जी योजना संकटातून वाचवण्यासाठी केली होती, तिच्यातच संकट दडून बसले होते.

साडेचार वर्षांच्या चौकशीनंतर, मार्च १९९९ मध्ये, मंडळाने आपला निष्कर्ष जाहीर केला. सुकाणू बहुधा वैमानिकाच्या हुकुमाच्या उलट वळले, म्हणून यूएसएअरचे विमान पडले, असे त्याने सांगितले. २००१ साली कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या अपघाताचा जुना अहवालही दुरुस्त करण्यात आला. पूर्वी रिकामी ठेवलेली जागा आता भरली गेली.

परंतु कारण कळले म्हणजे काम संपले, असे नाही. घरात एखादे भांडे गळू लागले, तर आपण ते भांडे तेवढे दुरुस्त करतो. येथे दोष एका विमानाचा नव्हता; तो रचनेचा होता. त्याच रचनेची हजारो विमाने जगभर उडत होती. ज्याला इच्छा असेल त्याने दुरुस्ती करावी, असे म्हणून कसे चालेल? प्रवासी तिकीट काढताना विमानाची झडप तपासून पाहू शकत नाही. म्हणून अशा वेळी सरकार उड्डाणयोग्यतेचा आदेश काढते. सांगितलेली सुधारणा मुदतीत केली नाही, तर ते विमान उडवता येत नाही. चौकशी मंडळ शिफारस करते. आदेश देण्याचा अधिकार अमेरिकेत संघीय विमान वाहतूक प्रशासनाला आहे. आपल्या देशात तो अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला आहे.

प्रशासनाने प्रथम सुधारलेल्या झडपा बसवावयास लावल्या. सुकाणू अडकल्यास काय करावे, याचे शिक्षण वैमानिकांना देण्यात आले. नोंदयंत्रांनी अधिक गोष्टी टिपल्या पाहिजेत, असा नियम १९९७ साली झाला. पुढे तज्ज्ञांच्या एका समितीला सुकाणूच्या यंत्रणेत बिघाडाच्या आणखीही जागा आढळल्या. तेव्हा २००२ साली संपूर्ण यंत्रणाच बदलण्याचा आदेश निघाला. त्यासाठी सहा वर्षांची मुदत देण्यात आली. नव्या रचनेत एकात एक बसणाऱ्या नळ्यांऐवजी दोन स्वतंत्र झडपा आल्या. दोन्ही बाजूंचे बळ एकमेकांविरुद्ध ओढू लागले, तर ते ओळखून वेगळी राखीव यंत्रणा सुरू करणारी व्यवस्थाही आली. या बदलाचा खर्च विमाने बनवणाऱ्या कंपनीने सोसला.

आज विमानात बसणाऱ्या प्रवाशाला या झडपांचे नावही ठाऊक नसते. तो खिडकीतून ढग पाहतो आणि निर्धास्तपणे झोपी जातो. त्याच्या त्या झोपेसाठी कित्येक माणसांनी वर्षानुवर्षे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. आणि ज्या एकशे सत्तावन्न माणसांचे प्राण गेले, त्यांच्या मृत्यूचे कारण त्यांनी अज्ञात राहू दिले नाही.

शब्दार्थ

तांडेल – होडीचा प्रमुख नावाडी. दारे धरणे – पाटाचे पाणी शेतात वळवणे. दट्ट्या – नळकांड्यात पुढेमागे सरकणारा भाग. प्रसरण पावणे – आकाराने वाढणे. निर्धास्त – काळजी नसलेला.

स्वाध्याय

१. विमानाचे सुकाणू हलवण्यासाठी तेलाच्या दाबाचे साहाय्य का घ्यावे लागते?
२. १९९२ च्या अहवालात मंडळाने काय नमूद केले? ते योग्य होते असे तुम्हांस वाटते का? कारणे द्या.
३. ईस्टविंडचे विमान वाचल्यामुळे तज्ज्ञांना कोणता लाभ झाला?
४. ‘दोष एका विमानाचा नव्हता; तो रचनेचा होता.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. ‘कसेबसे’, ‘एकाएकी’, ‘वर्षानुवर्षे’ या शब्दांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा.