ग्रीन्सबर्ग : एका लहान गावाची शिरगणती आणि तिचा बोध

गावाचा इतिहास आणि गावाची शिरगणती या दोन गोष्टी आपण सहसा वेगवेगळ्या वाचतो. इतिहास वृद्धांच्या आठवणींत व जुन्या दप्तरांत असतो, तर शिरगणतीचे आकडे जनगणनेच्या तक्त्यांत असतात. या दोहोंची सांगड घातल्याखेरीज गाव का वाढले, का रोडावले आणि पुढे त्याचे काय होणार याचा उलगडा होत नाही. अशी सांगड कशी घालावी याचे एक उद्बोधक उदाहरण म्हणून अमेरिकेतील एका छोट्या गावाची हकीकत येथे देत आहोत.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बारा राज्यांचा एक विस्तीर्ण पट्टा आहे. त्याला तेथील लोक 'मिडवेस्ट' म्हणजे मध्यपश्चिम असे म्हणतात. गहू, मका, सोयाबीन आणि गुरे यांसाठी हा प्रदेश प्रसिद्ध आहे. या पट्ट्याच्या नैर्ऋत्य टोकाला कॅन्सस हे राज्य असून त्याच्या दक्षिण भागातील कायोवा काउंटीचे मुख्य ठिकाण म्हणजे ग्रीन्सबर्ग. काउंटी हा आपल्याकडील जिल्ह्यासारखा, पण लोकसंख्येने फारच लहान असा प्रशासकीय विभाग होय. २०२० च्या जनगणनेत या संपूर्ण काउंटीची लोकसंख्या अवघी २,४६० होती आणि ग्रीन्सबर्गची ७४०.

गावाचा जन्म

हा मुलूख मूळचा कायोवा, कोमांची आदी आदिवासी जमातींचा. १८६७ साली जवळच्याच मेडिसिन लॉज येथे झालेल्या तहांनी या जमातींना दक्षिणेकडील राखीव प्रदेशात जावे लागले. काउंटीला नाव कायोवांचे राहिले, जमीन मात्र त्यांची राहिली नाही. गावाचा इतिहास सांगताना हे पहिले पान गाळून चालणार नाही.

पुढे दोन गोष्टींनी येथे वस्ती वाढली. १८६२ च्या वसाहत कायद्यान्वये पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसणाऱ्या कुटुंबास १६० एकर जमीन नाममात्र शुल्कावर मिळत असे. दुसरी गोष्ट रेल्वेची. लोहमार्ग जेथून जाईल तेथे गाव बसे आणि जेथून जाणार नाही तेथील गाव ओस पडे. १८८६ मध्ये ग्रीन्सबर्गची स्थापना झाली. घोडागाड्यांतून प्रवासी व टपाल वाहून नेण्याचा व्यवसाय करणारे डी. आर. ग्रीन यांच्यावरून गावास हे नाव मिळाले. त्यांच्या गाड्यांच्या वेगामुळे लोक त्यांना 'कॅननबॉल', म्हणजे तोफेचा गोळा म्हणत. इंग्रजीत 'ग्रीन' म्हणजे हिरवा. हा योगायोग सव्वाशे वर्षांनंतर गावाच्या कामी येणार होता.

वाफेच्या इंजिनांना व नव्या वस्तीला पाणी हवे होते. म्हणून १८८७-८८ मध्ये येथे एक प्रचंड विहीर खोदण्यात आली. तिची खोली १०९ फूट आणि व्यास ३२ फूट. कुदळ, फावडे, दोर आणि मनुष्यबळ एवढ्याच साधनांनी हे काम झाले. हाताने खोदलेली जगातील सर्वांत मोठी विहीर, असा अभिमान गाव आजही बाळगून आहे. १९३२ पर्यंत गाव या विहिरीचे पाणी पीत होते. पुढे १९३९ मध्ये ती प्रवाशांना पाहण्यासाठी खुली करण्यात आली.

लोकसंख्येची चढण आणि उतरण

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाव हळूहळू वाढत गेले. १९६० च्या जनगणनेत लोकसंख्या १,९८८ भरली. तो गावाच्या वाढीचा कळस होता. त्यानंतर मात्र प्रत्येक जनगणनेत आकडा खाली आला. १९९० मध्ये तो १,७९२ झाला आणि २००० मध्ये १,५७४.

या काळात गावावर कोणते संकट कोसळले होते? कोणतेही नाही. शेती उत्तम पिकत होती. किंबहुना शेती सुधारली हेच लोकसंख्या घटण्याचे मोठे कारण ठरले. पूर्वी जेवढी जमीन कसण्यास अनेक कुटुंबे लागत, तेवढी आता एक शेतकरी ट्रॅक्टर व कापणी-मळणी यंत्राच्या साहाय्याने कसू लागला. अमेरिकेत १९३५ च्या सुमारास ६८ लाख शेते होती. २०२२ मध्ये ती सुमारे १९ लाख उरली. लहान शेते मोठ्या शेतांत विलीन झाली. शेतकरी कमी झाले म्हणून दुकाने कमी झाली, शाळेतील मुले कमी झाली, आणि शिकलेली मुले शहरांतच स्थायिक झाली. ही ओहोटी इतकी संथ होती की, तिची बातमी कधी कोणत्या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर आली नसेल.

४ मे २००७ ची रात्र

आपण चक्रीवादळ म्हणतो ते समुद्रावर जन्मते आणि शेकडो किलोमीटरवर पसरते. कॅन्ससमधील 'टॉर्नेडो' हा त्याहून वेगळा. तो गडगडाटी ढगातून सोंडेसारखा जमिनीपर्यंत उतरणारा, वेगाने फिरणारा हवेचा स्तंभ असतो. तो थोडा वेळच टिकतो, पण वाटेत येईल ते उखडून टाकतो.

४ मे २००७ रोजी रात्री पावणेदहाच्या सुमारास असा एक टॉर्नेडो ग्रीन्सबर्गवर आला. त्याची रुंदी सुमारे पावणेतीन किलोमीटर, म्हणजे गावाच्या रुंदीहूनही अधिक होती. वाऱ्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरहून जास्त असावा असा अंदाज करण्यात आला. टॉर्नेडोंची तीव्रता मोजण्याची सुधारित श्रेणी त्याच वर्षी अमलात आली होती. तिच्यातील सर्वोच्च, म्हणजे पाचवी पायरी मिळालेला हा पहिलाच टॉर्नेडो. गावाचा सुमारे ९५ टक्के भाग जमीनदोस्त झाला. शाळा, रुग्णालय, दुकाने, विहिरीवरील इमारत, काहीच उरले नाही. विहीर तेवढी शाबूत राहिली.

इतक्या विध्वंसात मृतांची संख्या मात्र दहा-बाराच्या पुढे गेली नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. डॉज सिटी येथील हवामान कार्यालयाने निःसंदिग्ध शब्दांत धोक्याचा इशारा दिला होता. वादळ पोहोचण्यापूर्वी सुमारे वीस मिनिटे गावात भोंगे वाजत होते. अनेक घरांना तळघरे होती आणि भोंगा वाजला की तळघरात उतरावयाचे, हे लहानथोरांच्या अंगवळणी पडलेले होते. इशारा देणारी यंत्रणा, आसऱ्याची जागा आणि लोकांचा सराव या तिन्ही गोष्टी एकत्र असल्यामुळेच शेकडो जीव वाचले. यांपैकी एक जरी नसती तरी उरलेल्या दोहोंचा फारसा उपयोग झाला नसता.

तंबूतील सभा

आता प्रश्न होता तो गाव पुन्हा वसवावे की नाही हा. लोकसंख्या आधीच चाळीस वर्षे घटत होती. विम्याचे पैसे घेऊन दुसरीकडे जाणे अनेकांना सोयीचे होते. अशा वेळी गावकरी मोठ्या तंबूत सभा घेऊन बसू लागले. पूर्वी होते तसेच गाव पुन्हा उभारले तर पूर्वीचीच ओहोटी पुन्हा सुरू होईल, असा विचार या चर्चांतून पुढे आला. गावाचे नाव 'ग्रीन' आहे, तेव्हा गाव खरोखरच हरित, म्हणजे ऊर्जा व पाणी यांची बचत करणारे का होऊ नये, ही कल्पना मूळ धरू लागली.

प्रारंभी अनेकांना ती शहरी लोकांचे खूळ वाटली. परंतु या माळरानावर प्रथम आलेल्या वसाहतवाल्यांनी गवताळ मातीच्या ढेकळांची घरे बांधली होती आणि पवनचक्कीने पाणी उपसले होते. हाताशी असेल त्याचा नीट वापर करणे ही तर आजोबा-पणजोबांचीच रीत, हे ध्यानात आल्यावर विरोध मावळत गेला.

डिसेंबर २००७ मध्ये नगरपरिषदेने एक ठराव संमत केला. ४,००० चौरस फुटांहून मोठी प्रत्येक नगरपालिका-इमारत 'लीड' या पर्यावरणविषयक मानांकनातील सर्वोच्च 'प्लॅटिनम' दर्जाची असावी, असा तो ठराव होता. असा ठराव करणारे अमेरिकेतील हे पहिलेच गाव. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेच्या तज्ज्ञांनी तांत्रिक साहाय्य दिले. कॅन्सस विद्यापीठातील वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये एक कलाकेंद्र उभारून दिले. वादळाच्या तारखेवरून त्यास '५.४.७' असे नाव देण्यात आले. तेथे महिना आधी लिहिण्याचा प्रघात आहे. पाठोपाठ नवी शाळा आणि नवे रुग्णालय उभे राहिले. रस्त्यांवर एलईडी दिवे आले. २०१२ मध्ये मोठ्या विहिरीवरील नवे संग्रहालय सुरू झाले.

ज्या वाऱ्याने गाव नेले त्याच वाऱ्यावर गावाने वीजनिर्मितीची जोड दिली. गावाबाहेर प्रत्येकी सव्वा मेगावॉट क्षमतेच्या दहा पवनचक्क्या उभारण्यात आल्या. त्यांची एकूण क्षमता १२.५ मेगावॉट, म्हणजे गावाच्या गरजेहून कितीतरी अधिक आहे. या दहाही पवनचक्क्या पुणे येथे मुख्यालय असलेल्या सुझलॉन कंपनीच्या आहेत. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावरील पवनचक्क्या याच कंपनीच्या. त्या पाहिलेल्या वाचकांना ग्रीन्सबर्गचे क्षितिज अगदीच अपरिचित वाटू नये.

आकडे कसे वाचावेत

एवढे करूनही लोक परत आले का? २००० मध्ये १,५७४ असलेली लोकसंख्या २०१० मध्ये ७७७ भरली, म्हणजे निम्म्यावर आली. जुन्या, लहान, कर्ज फिटलेल्या घरात राहणाऱ्या वृद्धांना विम्याच्या रकमेत नवे घर बांधणे परवडणारे नव्हते. २०२० मध्ये आकडा ७४० झाला. यावरून कोणी म्हणेल की, प्रयोग फसला.

हा निष्कर्ष घाईचा ठरेल. १९९० ते २००० या दशकात, कोणतेही वादळ नसताना, गावाने २१८ माणसे म्हणजे सुमारे १२ टक्के लोकसंख्या गमावली होती. २०१० ते २०२० या दशकात घट झाली ती ३७ माणसांची, म्हणजे ५ टक्क्यांहूनही कमी. लोकसंख्या वाढली नाही हे खरे, परंतु गळती मंदावली. मात्र केवळ हरित इमारतींमुळेच ती मंदावली, असेही म्हणता येणार नाही. जे जाणार होते त्यांपैकी पुष्कळजण वादळानंतर एकदमच गेले असणार. शिवाय शेतीतील यंत्रे काही मागे फिरलेली नाहीत. नवी इमारत गावाला शाळा व दवाखाना देऊ शकते, कमी झालेली शेतकरी कुटुंबे परत आणू शकत नाही.

म्हणून ग्रीन्सबर्गची कहाणी हा निव्वळ यशाचा पोवाडा नव्हे आणि अपयशाची कैफियतही नव्हे. वादळाने झालेली हानी एका रात्रीत दिसते, तिच्यासाठी मदत येते, राष्ट्राध्यक्ष भेटीस येतात. संथ ओहोटीची हानी दिसत नाही आणि तिच्यासाठी कोणी येत नाही. ती पाहणे हे गावाचे स्वतःचे काम असते आणि त्याचे साधन म्हणजे दर दहा वर्षांनी होणारी शिरगणती.

शिक्षक बंधुभगिनींना यातून एक सोपा वर्गपाठ घेता येईल. १,९८८, १,७९२, १,५७४, ७७७ आणि ७४० हे आकडे त्यांच्या वर्षांसह फळ्यावर लिहून आलेख काढावा आणि रेघ जेथे जेथे वळते तेथे काय घडले हे विद्यार्थ्यांस विचारावे. मग आपल्या गावाचे आकडे जनगणना पुस्तिकेतून घेऊन तसाच आलेख काढावा. पंचायत सदस्यांनी तो ग्रामसभेत भिंतीवर लावावा. रेघ खाली जात असेल तर कोण गेले, का गेले आणि राहिलेल्यांसाठी आज कोणता ठराव करता येईल, याची चर्चा वादळाची वाट न पाहता सुरू करता येईल. ग्रीन्सबर्गला ही चर्चा तंबूत बसून करावी लागली.