मांजर आजारी पडलं, तर बाळाकडेही बघा

पाळीव प्राण्यांचा दवाखाना चालवते. टेबलावर एक जनावर असतं, पण चौकशी अख्ख्या घराची करावी लागते. त्यातून मनात पक्क्या झालेल्या या काही गोष्टी.

१. ‘घरात काही काम काढलंय का?’ हे विचारल्याशिवाय औषध लिहू नये.
एक ताई मांजरी घेऊन आल्या. खाणं सुटलेलं, उलट्या, मधूनच अंगाला झटके. पंजे उघडून पाहिले तर बोटांच्या बेचक्यांत पांढरट भुकटी. जुन्या घराच्या खिडक्या पॉलिश पेपरने घासून रंगवायला काढल्या होत्या. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात ते ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. मांजर अंग चाटूनच स्वच्छ करतं, म्हणजे अंगावर बसलेली धूळ सरळ पोटात.
मी विचारलं, “ताई, घरात लहान मूल आहे?”
“आहे ना, रांगतंय आता.”
तीच फरशी, तीच धूळ, आणि बोटं सारखी तोंडात. मांजरीच्या रक्तात शिसं निघालं. बाळाचंही रक्त लगेच तपासायला लावलं. कोरडं घासणं बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसायची आणि काम संपेपर्यंत बाळ आजोळी, असं चिठ्ठीवर लिहून दिलं.

२. सिगारेटचा धूर विरला तरी घरातून जात नाही.
तो गाद्यांवर, पडद्यांवर, मांजराच्या केसांवर बसतो. अमेरिकेतल्या २००२ सालच्या एका अभ्यासात धूम्रपान होणाऱ्या घरांतल्या मांजरांना लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, होण्याचा धोका दुपटीहून जास्त आढळला. मांजर ज्या सोफ्यावर लोळतं, त्यावरच नातवंडंही लोळतात.

३. लव्हबर्ड्सचा पिंजरा स्वयंपाकघरात नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला, तर त्याच्या वाफांनी पक्षी काही मिनिटांत मरू शकतो.

४. जनावराला झालं म्हणजे माणसाला होणारच, असंही नाही.
कुत्र्याच्या गोचिडांवरच्या परमेथ्रिनने मांजराला आकडी येते, पॅरासिटामॉलची एक गोळी त्याच्या जिवावर बेतते. त्याचं यकृत ही द्रव्यं आपल्यासारखी निकामी करू शकत नाही. म्हणून घाबरून जाऊ नका, तपासणी करा.

५. मुक्या जनावराचं दुखणं मोठ्यांनी दडपलं, की पुढे माणसं भोगतात.
जपानमधल्या मिनामाताची गोष्ट मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. १९५० च्या दशकात तिथल्या कोळ्यांच्या घरची मांजरं झोकांड्या खाऊ लागली, आकडी येऊन मरू लागली. माणसांमधला आजार अधिकृतपणे नोंदला गेला १ मे १९५६ ला. मांजरं आणि माणसं एकाच खाडीतली मासळी खात होती, आणि त्या खाडीत एका कारखान्याचं सांडपाणी जात होतं. १९५९ मध्ये कारखान्याच्याच रुग्णालयातले डॉ. हाजिमे होसोकावा यांनी सांडपाणी घातलेलं अन्न एका मांजराला दिलं, त्यालाही तोच आजार झाला. तो निष्कर्ष दाबला गेला. कारखान्यातला पारा हेच कारण, हे सरकारने मान्य केलं १९६८ मध्ये. मधल्या वर्षांत लोक तीच मासळी खात राहिले. हे वाचताना मला आजही संताप येतो.

६. तुमच्या गल्लीत दोन-तीन घरची जनावरं एकाच सुमारास सारखीच आजारी पडली, तर वेगवेगळ्या दवाखान्यांत जाऊन गप्प बसू नका. पाणी कुठलं, खाणं कुठलं, फवारणी कधी झाली, हे तारखेनिशी लिहा. तो कागद पशुवैद्याला दाखवा आणि त्याची एक प्रत नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात देऊन पोच घ्या.