रेडिएटरला काळा रंग लावावा का?

गळीत हंगाम तोंडावर आला की गॅरेजमध्ये ट्रॅक्टरांची रीघ लागते. "इंजिन तापतंय? रेडिएटरला काळा रंग मारा," असा सल्ला तिथे हमखास मिळतो. त्यात तथ्य किती, ते आपण पाहू.

काळा रंग उष्णता चांगली सोडतो, हे खोटे नव्हे. जॉन लेस्ली या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८०४ साली गरम पाणी भरलेल्या धातूच्या चौकोनी डब्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. डब्याच्या काळ्या बाजूतून पुष्कळ उष्णता बाहेर पडे, चकचकीत बाजूतून फार थोडी. मात्र पांढरा तैलरंगही या कामी काळ्याच्या जवळपासच उतरतो. म्हणजे गुण काळेपणाचा नाही, चकाकी झाकण्याचा आहे.

आता हिशेब करू. ५० अश्वशक्तीच्या इंजिनाची पूर्ण भारावर अंदाजे २५ किलोवॅट उष्णता रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. रेडिएटर दीड फूट लांब-रुंद धरा. जाळी ९० अंश सेल्सिअस व भोवताल ४० अंश असता, दोन्ही बाजू काळ्या केल्या तरी किरणांवाटे २०० वॅटसुद्धा जात नाहीत. शंभर रुपयांच्या देण्यात रुपयाही फिटला नाही! बाकी सगळी उष्णता पंख्याने ओढलेली हवा नेते.

कारखान्यातून येणारा काळा थर पातळ असतो. त्याचा उपयोग मुख्यतः गंज रोखण्यासाठी. ब्रशने दिलेला जाड रंग मात्र नडतो. ॲल्युमिनियमच्या मानाने रंगातून उष्णता हजारपट कमी वाहते, शिवाय जाळीच्या फटी बुजतात. मग हवा जाणार कुठून?

ऊस वाहतुकीत खरा शत्रू म्हणजे पाचट आणि धूळ. म्हणून सभासदांनी एवढे करावे :

१) इंजिन थंड असताना जाळी रोज पाहावी.
२) हवा किंवा पाणी बेताच्या दाबाने इंजिनाच्या बाजूकडून पुढे मारावे. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात.
३) पंख्याच्या पट्ट्याचा ताण व कूलंटची पातळी तपासावी.
४) गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

भरली ट्रॉली वाटेत अडकली की ऊस वाळतो, वजन घटते आणि नुकसान आपल्याच पदरी पडते. तेव्हा रंगाचा डबा राहू द्या, जाळी साफ ठेवा.