ॲटनबरो आडनावाचे सगळे एकाच भावकीतले का?

प्रश्न : आमच्या कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळाले. त्याबद्दल वाचताना दिग्दर्शक लॉर्ड रिचर्ड ॲटनबरो यांचे नाव वारंवार समोर आले. प्राणीजीवनावरच्या माहितीपटांमुळे डेव्हिड ॲटनबरोही ओळखीचे आहेत. पण या दोघांखेरीज या आडनावाचा तिसरा इंग्रज काही माझ्या वाचनात आलेला नाही. स्मिथ, ब्राऊन, टेलर मात्र पावलोपावली भेटतात. हे आडनाव इतके दुर्मीळ का? हे एखादे सरदार घराणे आहे का? आणि हे आडनाव लावणारे सगळे एकमेकांचे नातेवाईक असतात का?

– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी या दोघांचे नाते सांगतो. ते सख्खे भाऊ. रिचर्ड थोरले, जन्म १९२३ चा. डेव्हिड त्यांच्याहून धाकटे, जन्म १९२६ चा. त्यामुळे तुम्हाला माहीत असलेले दोन्ही ॲटनबरो एकाच घरातले निघाले, आणि तुमच्या शंकेला थोडे बळही मिळाले. बाकी उत्तरासाठी मात्र जरा मागे जावे लागेल, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांचे मूळ इंग्लंडमध्ये आडनावे कशी पडली यातच आहे.

नॉर्मनांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले, तेव्हा तिथल्या बहुतेकांना एकच नाव असे. पुढच्या दोनशे वर्षांत जुनी अँग्लो-सॅक्सन नावे मागे पडली आणि जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड अशा मोजक्या नावांवर सगळ्यांचे भागू लागले. एका गावात सहा जॉन झाले की कोणता जॉन हे सांगायला काहीतरी जोड लागते. लोहारकाम करणारा जॉन स्मिथ झाला, रॉबर्टचा मुलगा रॉबर्टसन झाला, सावळा किंवा तपकिरी केसांचा ब्राऊन झाला आणि बाहेरगावाहून आलेला त्याच्या गावाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. सुरुवातीला ही जोड त्या माणसापुरतीच असे. लोहाराच्या मुलाने पाव भाजायला घेतले तर तो खुशाल बेकर होई. जमीनजुमला असलेल्यांची आडनावे आधी वंशपरंपरागत झाली, कारण वारसाहक्क सिद्ध करायला ती उपयोगी पडत. सामान्य कुळांपर्यंत ही रीत १४०० च्या सुमारास बऱ्यापैकी पोचली, उत्तरेकडे त्याहून उशिरा. १३७७ ते १३८१ या काळात तीनदा डोईपट्टी बसली. त्या पट्टीच्या याद्यांमध्ये ही आडनावे रुजताना दिसतात.

दुर्मीळपणाचे कारण इथेच सापडते. लोहार गावोगावी होता, त्यामुळे स्मिथ हे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मले. १८८१ च्या जनगणनेत ब्रिटनमध्ये स्मिथ चार लाखांहून अधिक भरले. ॲटनबरो नावाचे गाव मात्र एकच आहे. मध्य इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशर परगण्यात, ट्रेंट नदीच्या काठी, बीस्टन आणि लाँग ईटन या दोन नगरांच्या मधोमध ते वसले आहे. अड्डा किंवा तत्सम नावाच्या कुणा अँग्लो-सॅक्सन माणसाची गढी, असा त्या गावनावाचा अर्थ लावतात. या गावाशी संबंध आल्याशिवाय कुणाला हे आडनाव मिळण्याचा मार्गच नव्हता.

त्यातही, गावात राहणाऱ्याला गावाचे नाव चिकटत नाही. आपल्याकडच्या ‘कर’ लावलेल्या आडनावांवरून हे चटकन कळेल. राजापुरात सगळेच राजापूरचे. तिथे कुणाला राजापूरकर म्हणून ओळख पटणार नाही. तो देशावर जाऊन स्थिरावला की शेजारी त्याला राजापूरकर म्हणू लागतात. ॲटनबरोचेही तसेच. मध्ययुगात कधीतरी त्या गावातून एखादा माणूस, फार तर थोडी माणसे, बाहेर पडली आणि जवळपासच्या दुसऱ्या गावात राहिली. ‘जवळपासच्या’ हा शब्द महत्त्वाचा. लंडनला गेलेल्या माणसाला ॲटनबरोचा म्हणून काय उपयोग, तिथे ते खेडे कुणाला ठाऊक! लंडनकर त्याला नॉटिंगहॅमचा म्हणून मोकळे झाले असते. लहानशा खेड्याचे नाव आडनाव म्हणून टिकते ते त्या खेड्याच्या पंचक्रोशीत.

आता सरदार घराण्याविषयी. गावाचे नाव धारण करणारा तो गावचा मालक, असा समज इंग्लंडमध्येही पुष्कळांचा आहे. काही नॉर्मन जमीनदारांनी आपापल्या जहागिरीचे नाव घेतले हे खरे. पण पोटापाण्यासाठी शेजारच्या गावात गेलेले शेतकरी, मजूर, कारागीर संख्येने कितीतरी जास्त होते आणि गावनावाची बहुतेक आडनावे त्यांची आहेत. पर्यटकांच्या दुकानांत प्रत्येक आडनावाचे ‘कुलचिन्ह’ छापलेले पेले विकायला असतात, त्यांनी हा गैरसमज आणखी पसरवला. कुलचिन्हे देणारी ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ ही संस्था १४८४ पासून लंडनमध्ये आहे. चिन्ह मिळते ते एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना. आडनावाला असे चिन्ह नसतेच.

तुम्ही रिचर्ड यांना लॉर्ड म्हटलेत, ते बरोबरच आहे. ती पदवी त्यांना १९९३ मध्ये मिळाली, हयातीपुरती. वारशाने आलेली नव्हती आणि पुढे वारशाने गेलीही नाही. त्यांचे वडील फ्रेडरिक यांचा जन्म १८८७ मध्ये स्टेपलफर्डला झाला, म्हणजे ॲटनबरो गावापासून अवघ्या काही मैलांवर. सहाशे वर्षांत या घराण्याने एवढाच पल्ला गाठला होता, असे म्हटले तरी चालेल. फ्रेडरिक वर चढले ते शिक्षणाच्या बळावर. केंब्रिजला जाऊन ते अँग्लो-सॅक्सन काळाचे अभ्यासक झाले, इंग्लंडच्या सर्वांत जुन्या राजांचे कायदे त्यांनी संपादित करून १९२२ मध्ये प्रसिद्ध केले आणि १९३२ पासून लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळले. स्वतःच्या आडनावात अँग्लो-सॅक्सन गढी बाळगणाऱ्या माणसाने अँग्लो-सॅक्सन कायद्यांचा अभ्यास करावा, हा योग मला फार आवडतो.

आडनावे अशी एका जागी खिळून राहतात हे आधी सप्रमाण दाखवले हेन्री गपी या निसर्गअभ्यासकाने. कोणते आडनाव कोणत्या परगण्यात किती, हे काढण्यासाठी त्याने फक्त शेतकऱ्यांची नावे मोजली. शेतकरी जमीन सोडून सहसा हलत नाही, म्हणून आडनावाचे मूळ स्थान त्याच्याकडूनच कळेल, असा त्याचा साधा हिशेब होता. त्याचे पुस्तक १८९० मध्ये निघाले. हल्ली संशोधक १८८१ च्या जनगणनेचे नकाशे वापरतात, आणि त्यांत ॲटनबरोंचा दाट ठिपका नॉटिंगहॅमशर व त्याला लागून असलेल्या डर्बीशर परगण्यावर पडतो.

माणसे फार लांब हलत नव्हती, याला कायद्याचेही कारण होते. १६६२ च्या कायद्याने गरिबाच्या पोषणाची जबाबदारी त्याच्या स्वतःच्या पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावावर टाकली. नव्या गावात आलेला गरीब पुढे आपल्या गळ्यात पडेल या भीतीने तिथले लोक त्याला परत पाठवू शकत. माणसे हलत, पण दहा-पंधरा मैलांच्या आत. नोकरी तिथेच, सोयरीकही तिथेच. गिरण्या, खाणी आणि रेल्वे आल्यावर हे बांध फुटले. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये ॲटनबरो हे नाव ओळखले जाई ते गहाणवटीच्या पेढ्यांमुळे. म्हणजे फांद्या लांबवर पोचल्या होत्या, बुंधा मात्र ट्रेंटच्या काठीच होता.

तुमचा तिसरा प्रश्न, नात्याचा. या प्रश्नाचे उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत मिळाले आणि ते मिळण्याची युक्ती फार सुंदर आहे. इंग्लंडमध्ये आडनाव बापाकडून मुलाकडे जाते. शरीरातले वाय गुणसूत्रही फक्त बापाकडून मुलाकडेच जाते. आडनावाचा मूळपुरुष एकच असेल, तर आजच्या पुरुषांत तेच आडनाव आणि तेच वाय गुणसूत्र जोडीने सापडायला हवे. ब्रायन साइक्स या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञाने आपलेच आडनाव लावणारे ४८ पुरुष तपासले, तेव्हा त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचे वाय गुणसूत्र एकाच प्रकारचे निघाले. हे २००० साली प्रसिद्ध झाले. पुढे लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांचे १,६७८ पुरुष तपासून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. स्मिथांमध्ये सगळ्या देशात दिसेल तशी सरमिसळ होती. दुर्मीळ आडनावांत मात्र ठळक गट दिसले, आणि त्यांत ॲटनबरो आघाडीवर: दहापैकी जवळजवळ नऊ पुरुषांचे गुणसूत्र एकाच कुळीचे. फ्रेडरिक ज्या कॉलेजचे प्राचार्य होते त्याचेच पुढे झालेले हे विद्यापीठ.

तेव्हा ॲटनबरो बहुतांशी एका भावकीतले आहेत, असे म्हणायला हरकत नाही. पण यावरून ‘सुरुवातीला एकच ॲटनबरो होता’ असे ठरत नाही. सुरुवातीला चार असतील आणि तिघांचे वंश खुंटले असतील. आडनावे अशी बुडतात, त्याला साथ किंवा लढाई लागतेच असे नाही. एखाद्याला मुलीच झाल्या, एखाद्याचे मुलगे अविवाहित राहिले, की एक फांदी संपली. प्रत्येक पिढीत असे काही थोडे होत राहिले तरी वीस पिढ्यांत बहुतेक फांद्या गळून पडतात. शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन आणि गणिती हेन्री वॉटसन यांनी १८७० च्या दशकात हे गणिताने मांडले. उमराव घराणी एकामागून एक का नष्ट होतात, हा त्यांना पडलेला प्रश्न होता. लोकांना वाटे ऐषआरामाने वंश दुबळा होतो. गणित सांगत होते की निव्वळ योगायोगानेही नावे नाहीशी होतात. शिवाय १३४८-४९ च्या प्लेगने इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसे नेली, तीही आडनावे नुकती रुजत असताना. आजची दुर्मीळ आडनावे या गाळणीतून उरलेली आहेत.

मग दहातला उरलेला एक कोण? दत्तक घेतलेला मुलगा, सावत्र बापाचे नाव घेतलेला, विवाहाबाहेर जन्मून आईचे आडनाव लागलेला, असे कुणीही. लेस्टरच्या अभ्यासानुसार असे प्रसंग दर पिढीत शंभरात एक ते चार-पाच एवढेच घडत आले. एक टक्का हा कमी वाटतो, पण वीस पिढ्या तो साचत गेला तर मूळ वंशाचे शंभरातले ऐंशी-ब्याऐंशीच उरतात. ॲटनबरोंचा आकडा त्याहूनही वर आहे.

दुर्मीळ आडनाव म्हणजे अस्सल इंग्रज रक्त, असे कुणाला वाटत असेल तर त्याच लेस्टरच्या चमूचे २००७ मधले एक संशोधन सांगायलाच हवे. पूर्व यॉर्कशरमधल्या एका दुर्मीळ आडनावाच्या १८ पुरुषांपैकी सात जणांत पश्चिम आफ्रिकेत आढळणारे वाय गुणसूत्र सापडले. दिसायला ते इतर इंग्रजांसारखेच, आणि घरात कुणाला याची कल्पना नव्हती. कागदपत्रे लावत गेल्यावर दोन वंशावळी १७८० च्या दशकापर्यंत मागे नेता आल्या. त्या जिथे जुळतात तो पूर्वज त्याच्याही आधीचा. तो आफ्रिकी माणूस रोमन सैन्याबरोबर आला होता की पुढे गुलामांच्या व्यापारात आणला गेला, हे गुणसूत्रावरून ठरवता येत नाही.

एक शेवटची गोष्ट सांगायची राहिली. आडनाव जुळले म्हणून सगळी वंशावळ जुळत नाही. दहा पिढ्या मागे गेले की हिशेबाने माणसाला १,०२४ पूर्वज असतात आणि आडनाव येते ते त्यांतल्या एकाकडून. रिचर्ड आणि डेव्हिड यांच्या आईचे माहेरचे आडनाव क्लेग. तिचे वडील सॅम्युएल क्लेग लाँग ईटनच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. क्लेग हेही गावावरूनच पडलेले आडनाव, पण ते गाव जुन्या लँकेशरमध्ये रॉचडेलजवळ, पार दुसऱ्या परगण्यात. या दोघा भावांचे निम्मे पूर्वज शोधायचे झाले, तर तो नकाशा उघडायला हवा.