तापमापकाचा आकडा आणि त्याची पडताळणी

३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखविले. शहरात इतरत्र पारा ४४ अंशांच्या आसपास होता. सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान खात्याने केला. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश नोंदविले होते. प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहता ते ३ अंशांनी जास्त निघाले. आमच्या मते ही दुसरी चूक अधिक घातक. ५६ वर कोणी विश्वास ठेवीत नाही. ३ अंशांची वाढ मात्र आमच्या गडचिरोली-चंद्रपूरच्या मे महिन्यात सहज खपून जाते.

विज्ञान प्रदर्शनासाठी आर्डुइनो आणि एलएम-३५ घेऊन तापमापक करणाऱ्या मुलांपुढे हाच पेच येतो. आकडा नाचत असेल तर आधी तारा हलवून पाहाव्यात. सुटलेल्या तारेवरही आर्डुइनो काहीतरी आकडा देतच राहतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते! जोडणी पक्की करून वीस नोंदींची सरासरी घेतली की नाच बराच थांबतो.

परंतु आकडा स्थिर आणि तरीही चुकीचा असेल तर सरासरी निरुपयोगी. आम्ही बँकेतली माणसे. रोख जुळली नाही की तीच वही पुन्हापुन्हा बेरजेला घेत नाही, नोटा मोजतो. तसेच येथे मल्टिमीटर लावावा. एलएम-३५ प्रत्येक अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. मल्टिमीटर ३०० मिलिव्होल्ट म्हणजे ३० अंश दाखवितो आणि पडद्यावर ३२.६ दिसतात, तर सेन्सर निर्दोष आहे. दोष बहुधा पुरवठ्याचा असतो. गणितात ५ व्होल्ट गृहीत धरलेले असतात, प्रत्यक्षात ४.६ च मिळतात. मोजमापाची पट्टीच आखडलेली, म्हणून आकडा फुगतो.

यावर उपाय म्हणजे आर्डुइनो उनोमधील १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ वापरणे. पुरवठा थोडा खालीवर झाला तरी तो फारसा ढळत नाही. मात्र तो नेमका १.१ नसतो, १.० ते १.२ च्या दरम्यान कोठेही असू शकतो. तेव्हा एरेफ पिनवर तो एकदा मोजावा आणि मिळालेला आकडाच गणितात घालावा.

एवढे करूनही दुपारी आकडा चढाच राहिला, तर सेन्सर कोठे ठेवला आहे ते पाहावे. उन्हात तो हवेचे नव्हे, स्वतःच्या तापलेल्या अंगाचे तापमान सांगतो. वेधशाळेत तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवतात तो याचसाठी.